मूठभर कोंडा

कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी लागणारं इलेक्ट्रॉनिक्स मी तपासतो, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा दोन टप्प्यांत बदलतो. ‘कणभौतिकी’ ऐकून डोळे मोठे होतात आणि ‘तपासतो’ ऐकून पुन्हा नेहमीएवढे होतात. म्हणजे शोध लावणारे वेगळे, आणि हा आपला तपासणारा! याबद्दल माझी तक्रार नाही, सवय झाली आहे. पण या तपासणीविषयी माझं एक ठाम मत आहे आणि ते बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहून टाकतो. थोडं तांत्रिक होईल, पण समजायला अवघड काही नाही.

आधी ट्रिगर म्हणजे काय ते सांगायला हवं. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेचा एलएचसी नावाचा २७ किलोमीटर घेराचा त्वरक आहे, हे आता पेपरमध्ये वाचून सगळ्यांना माहीत असतं. त्यात प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून आरपार जातात, आणि ही भेट दर २५ नॅनोसेकंदांनी होऊ शकते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. सेकंदाला चार कोटी भेटींची जागा, आणि प्रत्येक भेटीत कितीतरी टकरी! हे सगळं साठवून ठेवणारी यंत्रणा आजही कोणाकडे नाही. आणि असती तरी त्यातलं बहुतेक सगळं जुनंच, शंभर वेळा पाहिलेलं असतं. म्हणून डिटेक्टरच्या शेजारी एक यंत्रणा बसवलेली असते. ती प्रत्येक भेटीकडे ओझरतं बघते आणि काही मायक्रोसेकंदांत ठरवते की हे ठेवायचं का टाकायचं. हाच ट्रिगर. सीएमएस या प्रयोगात पहिल्या पायरीवर सेकंदाला साधारण एक लाख घटना आत घेतल्या जातात. पुढच्या पायरीवर संगणक त्यातून पुन्हा निवड करतात आणि शेवटी हजारांच्या घरात उरतात. बाकी सगळं टाकलं जातं. डिस्कवर नाही, टेपवर नाही, कुठेच नाही.

माझ्या कामाची सगळी गोम या ‘कुठेच नाही’मध्ये आहे. तुमच्या ऑफिसातल्या कारकुनाने चुकीचा अर्ज फेटाळला तर अर्ज फायलीत तरी असतो. चार वर्षांनी कोणीतरी खटपट्या माणूस तो शोधून काढू शकतो. ट्रिगरने चुकून टाकलेली घटना मात्र झालीच नव्हती असं होतं. आणि जे टाकलं त्यातच चुकीचा पुरावा असतो! हाती उरलेली माहिती नेहमी नीटनेटकी दिसते, कारण तिला नीटनेटकं करणाऱ्यानेच निवडलेलं असतं.

आमची आजी सुपात धान्य पाखडायची तेव्हा फोलपटं आणि कोंडा पुढे उडून जमिनीवर पडायचा. दोन-चार सुपं झाली की ती हात थांबवायची, खाली पडलेल्यातला मूठभर कोंडा उचलायची, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि त्यात दाणे गेलेत का ते बघायची. सुपातलं धान्य किती स्वच्छ झालं हे बघून पाखडणं बरोबर चाललंय का ते कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धान्य स्वच्छ दिसतंच. किती दाणे वाया गेले ते कोंड्यात बघावं लागतं.

आता टायमिंगकडे येतो, कारण ट्रिगर आणि टायमिंग ही जुळी भावंडं आहेत. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे २५ नॅनोसेकंदांत साडेसात मीटर. सीएमएस डिटेक्टर २१ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. म्हणजे एका भेटीतून निघालेले कण डिटेक्टरच्या बाहेरही पडलेले नसतात तेवढ्यात मध्यभागी पुढची भेट झालेली असते. दादरच्या जिन्यावर जसे आधीच्या लोकलचे लोक अजून चढतायत आणि खाली पुढची लोकल लागलेली असते, तसं. जिन्यावरचा कुठला माणूस कुठल्या गाडीतून उतरला हे प्रत्येकाच्या बाबतीत बिनचूक सांगायचं, तेही सेकंदाला चार कोटी गाड्या येत असताना, हे टायमिंगचं काम.

टेबलावर हे किती नाजूक होतं ते सांगतो. साध्या केबलमधून सिग्नलला एक मीटर जायला सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात. म्हणून आमच्याकडे केबल ही जोडणीची वस्तू कमी आणि वेळ मोजायची वस्तू जास्त असते. भिंतीवर खुंट्यांना वेटोळी टांगलेली असतात आणि प्रत्येकावर ‘१०’, ‘१६’, ‘३२’ असे आकडे असतात. ते मीटर नव्हेत, नॅनोसेकंद! नवीन आलेला विद्यार्थी हमखास कात्रीकडे बघतो आणि विचारतो, एवढी लांब केबल कशाला गुंडाळून ठेवली आहे :-)

ट्रिगरचा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जुना प्रकार म्हणजे दोन डिटेक्टर एकाच वेळी बोलले तरच ‘हो’ म्हणायचं. वाल्टर बोथे आणि हान्स गायगर यांनी १९२० च्या दशकात ही युक्ती वापरली, ब्रुनो रॉसी यांनी १९३० मध्ये व्हॉल्व्ह वापरून त्याचं छान सर्किट बनवलं, आणि या पद्धतीबद्दल बोथेंना १९५४ चं नोबेल मिळालं. आजचे बोर्ड कितीही गुंतागुंतीचे असले तरी पोटात हेच असतं. आमच्या टेबलावर प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या दोन फळ्या एकावर एक ठेवलेल्या असतात. आकाशातून येणारे म्यूऑन त्यांतून आरपार जातात. तळहात आडवा धरला तर सेकंदाला एखादा म्यूऑन त्यातूनही जात असतो. हे कण फुकट, चोवीस तास, वीज गेली तरी चालू! मग एका फळीचा सिग्नल मुद्दाम थोडा थोडा उशिरा करत जायचं आणि दर वेळी किती जोड्या जुळल्या ते मोजायचं. आलेख काढला की मधे एक सपाट पठार दिसतं आणि दोन्ही बाजूंना उतार. पठाराच्या मध्यावर असाल तर निवांत झोपा. कडेवर असाल तर आज चालेल, पण उद्या खोलीचं तापमान दोन अंश वाढलं तर चालेलच असं नाही.

गंमत म्हणजे हाच बोर्ड पल्स जनरेटर लावून तपासला तर सगळं काम अर्ध्या तासात होतं, आणि निकाल नेहमी उत्तम येतो. का नाही येणार? एकाच पल्सचे दोन भाग करून दोन्हीकडे दिले तर ते जुळणारच. पल्स जनरेटर हा खुशमस्कऱ्या आहे. तुम्हाला जे ऐकायचं असतं तेच तो बोलतो. म्यूऑन कोणाचा मिंधा नाही. तो कुठल्याही कोनातून येतो, कधी फळीच्या कडेला लागतो, कधी कमी प्रकाश पाडतो, आणि बोर्डाला खरा त्रास देतो. हा फरक वाटतो तितका लहान नाही हे सांगण्यासाठी मला २०११ साली घडलेली एक गोष्ट नेहमी उपयोगी पडते.

ऑपेरा नावाचा प्रयोग इटलीत ग्रान सास्सो डोंगराच्या पोटात होता. सर्नमधून सोडलेले न्यूट्रिनो जमिनीतून ७३० किलोमीटर प्रवास करून तिथे पोचायचे. २३ सप्टेंबर २०११ ला या गटाने सर्नमध्ये भर सभेत सांगितलं की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसतायत. जगभर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. आइन्स्टाइन चुकला का, इथपर्यंत मथळे गेले होते. मापनात हयगय मुळीच नव्हती. अंतर २० सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजलेलं, दोन्ही टोकांची घड्याळं जीपीएसने जुळवलेली, तिघाचौघांकडून पडताळून घेतलेली. सोळा हजारांच्या वर न्यूट्रिनोंचा हिशोब होता.

लोकांनी शंका काढली की सर्नमधून निघणारा पुंजका लांबलचक आहे, त्यातला नेमका कुठला प्रोटॉन कुठल्या न्यूट्रिनोचा बाप हे कसं कळणार? शंका रास्त होती. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्नने खास यासाठी जेमतेम तीन नॅनोसेकंद लांबीचे पुंजके सोडले. ऑपेरात त्यातले वीस न्यूट्रिनो सापडले. उत्तर? पुन्हा साठच्या आसपास! ६२ नॅनोसेकंद आधी. त्या आठवड्यात अनेकांचा विश्वास वाढला. नवी चाचणी केली, तीही पास झाली.

इथेच माझा मुद्दा आहे. चाचणी नवी होती ती सर्नच्या टोकाला. ग्रान सास्सोच्या टोकाला तेच घड्याळ, तीच केबल, तोच बोर्ड. चूक तिथे होती, आणि त्या वाटेने शंभर वेळा गेलं असतं तरी शंभर वेळा तेच उत्तर आलं असतं.

चूक काय होती ते फेब्रुवारी २०१२ मध्ये जाहीर झालं. डोंगराबाहेरच्या जीपीएसची वेळ ८ किलोमीटरहून लांब ऑप्टिकल फायबरने आत आणलेली होती. ती आत पोचायला सुमारे ४१ मायक्रोसेकंद लागतात, आणि हे मोजून हिशोबात धरलेलं होतं. पण आतल्या मुख्य घड्याळाला लावलेला फायबरचा कनेक्टर पूर्ण फिरवून बसवलेला नव्हता. पेपरांनी लिहिलं, ‘वायर सैल होती’. ऐकून वाटतं की मग सिग्नल यायलाच नको. पण सिग्नल येत होता! फक्त प्रकाश कमी येत होता. प्रकाश कमी म्हणून पलीकडचा रिसीव्हर हळू चढत होता, आणि ठरावीक पातळी गाठायला त्याला सुमारे ७३ नॅनोसेकंद जास्त लागत होते. तेवढं घड्याळ मागे पडत होतं, म्हणून न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे वाटत होते. त्याशिवाय मुख्य घड्याळाचा ऑसिलेटर किंचित जलद चालत होता, आणि त्याचा परिणाम उलट दिशेने सुमारे १५ नॅनोसेकंद होता. वजाबाकी करून बघा, साठाच्या जवळपास जाऊन पोचता.

हार्डवेअर तपासणाऱ्या माणसाला यातली खरी भीतीदायक गोष्ट ही की काहीच बंद पडलं नव्हतं. लाल दिवा लागला नाही, डेटा तुटला नाही. तुटलेली केबल ही चांगली केबल असते, ती लगेच सापडते. अर्धवट बसलेली केबल मात्र वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे चुकीची वेळ सांगत बसते. ही २००८ पासून सांगत होती.

आणि आता कोंड्याची मूठ. त्याच डोंगरात, ऑपेरापासून १६० मीटरवर एलव्हीडी नावाचा वेगळा प्रयोग होता. वेगळी माणसं, वेगळं इलेक्ट्रॉनिक्स, वेगळी घड्याळाची साखळी. डोंगरात एका दिशेला खडकाची जाडी कमी आहे, तिथून जवळजवळ आडवे येणारे म्यूऑन कधी कधी दोन्ही प्रयोगांतून आरपार जातात. किती? आठवड्याला साधारण दोन. २०१२ मध्ये दोन्ही गटांनी आपापल्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा २००७ पासूनचे असे ३०६ म्यूऑन सापडले. २००८ च्या ऑगस्टपासून २०११ च्या डिसेंबरपर्यंत दोन घड्याळांतला फरक ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेला स्पष्ट दिसत होता. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. म्हणजे ज्या दिवशी ती सर्नची सभा भरली, त्या दिवशी उत्तर दोन वेगवेगळ्या डिस्कवर आधीच पडलेलं होतं. त्यासाठी नवीन काही विकत आणायचं नव्हतं, त्वरकाचा एक मिनिट खर्चायचा नव्हता. त्या दोन यादींची शेजारी शेजारी ठेवून तुलना करणं हे सभेआधी कोणाच्या कामाच्या यादीत आलं नव्हतं, एवढंच.

पुढे मार्च २०१२ मध्ये तिथल्याच इकारस प्रयोगाने न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येतात असं दाखवलं, जूनपर्यंत ऑपेरासकट सगळ्यांचे आकडे जुळले. मधल्या काळात ऑपेराच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. तेव्हा जी टिंगल झाली ती मला आवडली नव्हती, आजही आवडत नाही. त्यांनी आपला आकडा जगासमोर ठेवून ‘यातली चूक शोधा’ असं सांगितलं होतं, आणि चूकही स्वतःच शोधून जाहीर केली. कनेक्टर कोणाचाही सैल राहू शकतो. प्रश्न हा की तो सैल आहे हे सांगू शकणारी, त्या कनेक्टरमधून न जाणारी वाट तुमच्याकडे आहे का, आणि ती तुम्ही नियमित चालता का.

असो. कोणी म्हणेल की हा सुट्या केबलचा अपघात झाला, मोठ्या प्रयोगांत असं होत नाही. तर सीएमएसचीच गोष्ट ऐका. ही ऑपेराइतकी गाजली नाही, कारण यात आइन्स्टाइन नाही. पण मला ती जास्त बोचते.

सीएमएसमध्ये इलेक्ट्रॉन आणि फोटॉनची ऊर्जा मोजायला लेड टंगस्टेटचे हजारो स्फटिक आहेत. प्रोटॉनच्या वाटेच्या अगदी जवळ, दोन्ही टोकांना जे स्फटिक आहेत त्यांना किरणोत्साराचा मारा सर्वात जास्त. त्याने त्यांची पारदर्शकता बदलते, आणि त्याबरोबर सिग्नलची वेळही हळूहळू सरकत गेली. अगदी थोडी, आणि रोज थोडी. २०१६ आणि २०१७ मध्ये हे सरकणं ट्रिगरच्या टायमिंगमध्ये दुरुस्त केलं गेलं नव्हतं. परिणाम असा की त्या भागातले काही सिग्नल आधीच्या भेटीच्या, म्हणजे २५ नॅनोसेकंद आधीच्या खात्यावर जमा होऊ लागले. दादरच्या जिन्यावरचा माणूस आधीच्या लोकलचा धरला गेला.

एवढ्याने काय बिघडलं? ट्रिगरचा एक नियम असा की एकदा ‘हो’ म्हटलं की लगेचच्या पुढच्या भेटींना ‘हो’ म्हणायचं नाही, कारण डिटेक्टरला माहिती वाचायला उसंत लागते. आता चुकीच्या खात्यावर ‘हो’ गेलं, रिकामी भेट साठवली गेली, आणि खरी, जिच्यात काही घडलं होतं ती भेट नियमाप्रमाणे टाकली गेली. म्हणजे घटना जितकी ठसठशीत, तितकी ती स्वतःलाच बाद करण्याची शक्यता जास्त! टोकाच्या त्या भागात जोरदार इलेक्ट्रॉन किंवा जेट असेल तर १० ते २० टक्के घटना अशा गेल्या. गेल्या म्हणजे ‘कुठेच नाही’.

मग हे कळलं कसं? इथे नशीब आणि शहाणपण दोन्ही आहे. कधी कधी असं होतं की तीन भेटी आधी दुसऱ्याच कारणाने ट्रिगर ‘हो’ म्हणालेला असतो. मग उसंतीच्या नियमाने मधल्या भेटींना चुकीचं ‘हो’ म्हणताच येत नाही, आणि आपली खरी घटना त्यामुळे वाचते. अशा सुरक्षित राहिलेल्या थोड्याशा घटनांत बघितलं की आधीच्या भेटीच्या खात्यावर काय जमा झालं होतं ते दिसतं, आणि किती टक्के गळती झाली असेल याचा हिशोब करता येतो. तसा तो केला गेला, सगळ्या विश्लेषणांत ती दुरुस्ती घातली गेली, २०१८ साठी टायमिंगही नीट केलं. पण गळती मोजता आली, परत आणता आली नाही. आणि मोजता आली तीही एका नियमाच्या आडोशाला चुकून शिल्लक राहिलेल्या मूठभर कोंड्यामुळे.

माझे सॉफ्टवेअरवाले मित्र इथे हमखास अडवतात. म्हणतात, प्रत्येक ट्रिगर बोर्डाची हुबेहूब नक्कल आम्ही संगणकात ठेवतो, तोच डेटा दोघांना देतो, एक एक बिट ताडून बघतो, यापेक्षा कडक चाचणी कुठली? मला या पद्धतीबद्दल आदर आहे. मी रोज वापरतो. मेमरीतली एक ओळ उलटी झाली तरी ती पकडते. पण ती काय विचारते? बोर्ड आम्ही सांगितल्यासारखा वागतो का. बस. आम्ही सांगितलं तेच आता खरं उरलं नसेल, तर बोर्ड आणि नक्कल हातात हात घालून चुकतात, आणि ताडून बघणाऱ्याला शंभर टक्के गुण मिळतात. सरकलेल्या वेळेचा सिग्नल दोघांनाही दिला तर दोघंही तो इमानेइतबारे चुकीच्या खात्यावर लिहितील. बोर्डाचा यात काहीच दोष नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ट्रिगर बसवण्यापूर्वी होणाऱ्या चाचणीला आपण फार महत्त्व देतो आणि तो चालू असताना होणाऱ्या चाचणीला फार कमी. बोर्ड येतात तेव्हा त्यांना भाजतात, हलवतात, दोन दोन दिवस बिट मोजत बसतात, कागदावर सह्या होतात. एकदा प्रयोग चालू झाला की तपासणं म्हणजे पडद्यावरचे हिरवे चौकोन बघणं. पण वरच्या दोन्ही चुका बसवतानाच्या नव्हत्याच मुळी. एक कनेक्टर मधेच कधीतरी तसा राहिला आणि एक स्फटिक हळूहळू म्हातारा होत गेला. सह्यांच्या कागदावर दोन्ही पास होते.

चालू असताना तपासायचं तर काहीतरी गमवावं लागतं, हे मान्य. काहीही न विचारता, डोळे मिटून काही भेटी उचलायच्या, ही पद्धत सगळ्या मोठ्या प्रयोगांत आहे. पण जेव्हा जागा कमी पडते तेव्हा पहिली काटछाट तिथेच होते, कारण त्या भेटींत बहुतेक वेळा काहीच नसतं. साठवलेल्या प्रत्येक रिकाम्या भेटीमागे एका ‘चांगल्या’ घटनेची जागा जाते, असा युक्तिवाद असतो, आणि पीएचडीच्या घाईत असलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडून तो ऐकला की उत्तर देणं जड जातं. तरी मी म्हणतो की ती जागा सोडू नका. ती तुमच्या चांगल्या घटना किती चांगल्या आहेत हे सांगणारी एकमेव जागा आहे.

आपल्याकडे तर हे जास्त जपायला हवं. भारतातल्या या क्षेत्राची सुरुवातच अशा प्रयोगांनी झाली जिथे एक घटना गमावणं परवडण्यासारखं नव्हतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम यांच्या गटाने १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पाहिल्या. सिंटिलेटरच्या जोड्या जुळल्या की निऑनच्या नळ्या पेटायच्या आणि फोटो निघायचा, अशी व्यवस्था. घटना इतक्या मोजक्या की त्यांची यादी एका कागदावर मावेल. महिनोन्महिने काही होत नसताना ‘जोडी जुळवणारं सर्किट जिवंत आहे ना’ हे रोज बघणारा माणूस त्या खाणीत काय करत असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. आज सीएमएसच्या बाहेरच्या हेड्रॉन कॅलरीमीटरचे सिंटिलेटर याच मुंबईतल्या संस्थेतून गेलेले आहेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात जुळवून तपासलेले ट्रिगरचे डिटेक्टरही तिथे लागलेले आहेत. आपल्याला हे काम येतं, यात शंकाच नाही.

येतं, पण मान नाही. मी ज्या एका प्रकल्पात होतो तिथे वेळापत्रक मागे पडलं की पहिली कात्री चाचणीच्या आठवड्यांना लागायची. बोर्ड बनवणाऱ्याला मुदतवाढ, आणि तपासणाऱ्याला ‘जरा लवकर आटपा’. वीस दिवसांचे सहा दिवस झालेले मी पाहिले आहेत. निवड समितीसमोर ‘यांनी नवीन काय केलं?’ या प्रश्नाला ‘यांच्यामुळे तीन वर्षांचा डेटा वाया गेला नाही’ हे उत्तर चालत नाही, कारण जे घडलं नाही त्याचा आलेख काढता येत नाही. हुशार विद्यार्थी हे ओळखतात आणि दोन वर्षांत दुसरीकडे जातात. मी त्यांना थांबवत नाही, थांबवण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

एलएचसीची पुढची आवृत्ती येऊ घातली आहे. तिच्यात सीएमएसचा पहिल्या पायरीचा ट्रिगर सेकंदाला एक लाखाऐवजी साडेसात लाख घटना घेणार आहे, निर्णयाला साडेबारा मायक्रोसेकंद मिळणार आहेत, आणि कणांची वेळ काही दशक पिकोसेकंदांपर्यंत मोजणारा नवा थर बसणार आहे. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. तीस पिकोसेकंदांत प्रकाश नऊ मिलिमीटर जातो, करंगळीच्या नखाएवढा. तिथे केबल उन्हात तापली तरी वेळ सरकणार आहे.

आमच्या टेबलावरचं काम यापुढे फारच लहान आहे. चार बोर्ड, सहा फळ्या, एक जुना ऑसिलोस्कोप. ते पुढच्या वर्षी एका छोट्या प्रयोगात लागणार आहेत. त्याच्या आराखड्यात मी दोन मागण्या घातल्या आहेत. एक, साठवणीतला पन्नासावा हिस्सा न विचारता उचललेल्या घटनांसाठी राखून ठेवावा आणि तो बैठकीतल्या ठरावाशिवाय कमी करता येऊ नये. दोन, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या गटाच्या म्यूऑन डिटेक्टरबरोबर दर आठवड्याला आपल्या वेळा ताडून बघाव्यात, आणि ते कोणी करायचं त्या माणसाचं नाव आराखड्यातच लिहावं. दुसरी मागणी मान्य झाली आहे, नाव लिहायची जागा अजून रिकामी आहे. पहिलीवर पुढच्या महिन्यात बैठक आहे. पन्नासाऐवजी दोनशेवा हिस्सा चालेल का, असा निरोप कालच आला. मी ‘नाही’ असं कळवलं आहे.